अश्वारूढ धनुर्धरांचे खेळ

धनुष्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रथ उभा राहतो, आणि घोडा म्हटला की भाला किंवा तलवार. गांडीव पेलणारा अर्जुन रथात असतो. त्याच्या घोड्यांचे लगाम श्रीकृष्णाच्या हाती असतात. उलटपक्षी आपल्या बखरींतला शिलेदार घोड्यावर पक्की मांड ठोकून बसलेला आढळतो खरा, पण त्याच्या हाती धनुष्य क्वचितच दिसते. लगाम सोडून, दोन्ही हात धनुष्यबाणास देऊन, भरधाव घोड्याच्या पाठीवरून लक्ष्यवेध करणारा स्वार आपल्या कल्पनासृष्टीस त्यामुळे जवळजवळ अपरिचितच राहिला आहे. वस्तुतः या स्वाराने दोन हजार वर्षांहून अधिक काळ आशियात आणि युरोपात राज्ये उभारली आणि उलथून टाकिली. पुढे बंदुकीने त्याचा पराक्रम निरर्थक केला. तथापि त्याची विद्या सर्वस्वी लोपली नाही. काही देशांत ती खेळाच्या रूपाने आजही जिवंत आहे. युद्धाने टाकून दिलेली विद्या खेळाने कशी सांभाळिली, आणि जेथे ती कोणी सांभाळिली नाही तेथे काय झाले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम या विद्येतील मुख्य अडचण ध्यानी घेतली पाहिजे. घोडा आवरावयास एक हात तरी हवा, आणि धनुष्य ओढावयास दोन्ही हात हवेत. मनुष्याने ही अडचण कशी सोडविली याची साक्ष असीरियाच्या राजवाड्यांतील शिलाचित्रांत कोरलेली आहे. इ.स.पूर्व नवव्या शतकातील दुसऱ्या अशुरनासिरपाल राजाच्या शिल्पांत घोडेस्वार जोडीजोडीने दाखविलेले आहेत. एक स्वार बाण सोडीत आहे, आणि शेजारचा स्वार आपल्या घोड्याबरोबर त्याच्याही घोड्याचा लगाम धरून आहे. धनुर्धर आणि सारथी या दोघांनी रथ तर टाकून दिला, पण सारथ्याची गरज अद्याप संपली नव्हती! त्यानंतर दोनशे वर्षांनी अशुरबनिपाल राजाची मृगयाचित्रे पाहावीत, तो राजा एकटाच घोडा फेकीत असून त्याचे दोन्ही हात धनुष्यात गुंतलेले आहेत. मधल्या काळात मनुष्य गुडघ्यांनी, मांड्यांनी आणि अंगाच्या तोलाने घोड्याशी बोलावयास शिकला होता. आणि हे सर्व रिकिबीशिवाय. कारण रिकीब प्रचारात यावयास आणखी कित्येक शतके लागणार होती.

शस्त्रातही तसाच फरक पडला. पायदळाचे लांब धनुष्य घोड्याच्या मानेवरून या बाजूचे त्या बाजूस नेणे कठीण. म्हणून मैदानी भागातील भटक्या जमातींनी लाकडाच्या पट्टीस आतील अंगाने शिंग आणि बाहेरील अंगाने जनावरांच्या स्नायूंचे तंतू सरसाने चिकटवून आखूड पण अत्यंत जबर असे धनुष्य बनविले. शिंग दाब सोसते, स्नायू ताण सोसतो. दोहोंच्या साह्याने हातभर लांबीच्या वस्तूत मोठ्या धनुष्याचा जोर साठविता येतो. दोरी बोटांनी न ओढता अंगठ्याने ओढावयाची, आणि अंगठा कापू नये म्हणून त्यात शिंगाची किंवा दगडाची कडी घालावयाची, ही रीत त्याच लोकांची. घोडा चौखूर दौडत असता प्रत्येक झेपेत एक क्षण असा येतो की त्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात. त्या निमिषात स्वाराच्या अंगास धक्का बसत नाही. बाण सोडावयाचा तो त्याच निमिषात, असे या विद्येचे शिक्षक आजही सांगतात.

अशा स्वारांपुढे मोठमोठ्या सेना कशा हतबल होत याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे इ.स.पूर्व ५३ मधील कारीची लढाई. रोमचा धनाढ्य सेनापती क्रॅसस पार्थियन लोकांवर चालून गेला. पार्थियन स्वार अंगावर येत, बाणांचा वर्षाव करीत, आणि रोमन पुढे सरसावताच पळ काढीत. पळता पळता मागे वळून पुन्हा बाण मारीत. त्यांचे बाण संपतील या आशेवर रोमन तग धरून होते. पण पार्थियन सेनापतीने बाणांनी लादलेले उंट बरोबर आणिले होते. क्रॅसस प्राणांस मुकला आणि ‘पार्थियन बाण’ हा शब्दप्रयोग युरोपीय भाषांत कायमचा राहिला. आपल्या देशासही हा अनुभव नवा नव्हता. इ.स.पूर्व ३२६ मध्ये झेलमच्या काठी शिकंदराने पोरसाच्या डाव्या बगलेवर प्रथम सोडले ते सुमारे एक हजार अश्वारूढ धनुर्धरच, आणि इ.स. ११९२ मध्ये तराईच्या दुसऱ्या लढाईत महंमद घोरीने पृथ्वीराजाच्या सैन्यास दिवसभर सतावून थकविले तेही अशाच स्वारांच्या तुकड्यांनी.

हे सामर्थ्य नुसत्या कवाईतीने येत नसे. मैदानी जमातींतील मूल चालावयास लागले की घोड्यावर बसे आणि शिकार करूनच पोट भरावयास शिके. त्यास वेगळी शाळा नको होती. परंतु हीच विद्या नगरांत राहणाऱ्या राजांस हवी झाली तेव्हा मोठा प्रश्न उभा राहिला. शिकार नाही, कुरण नाही, आणि रोज लढाईही नाही. मग हात तयार ठेवावयाचा कसा? या प्रश्नाचे उत्तर म्हणून खेळ निर्माण झाले.

त्यांतील एका खेळाचे नाव कबक. कबक म्हणजे तुर्की भाषेत भोपळा. मैदानाच्या मध्यभागी एक उंच खांब उभारावयाचा, त्याच्या शेंड्यावर भोपळा बांधावयाचा, आणि स्वाराने भरधाव येऊन खांबाजवळून जाताना वर बाण मारून तो उडवावयाचा. घोडा पुढे धावतो आहे, नजर आकाशाकडे आहे, पाठ मागे कलली आहे, अशा स्थितीत नेम धरणे म्हणजे काय, हे घोड्यावर बसलेल्यासच कळेल. बाबराने आपल्या आत्मचरित्रात आपला चुलता, समरकंदचा अधिपती सुलतान अहमद मिर्झा, याच्या गुणदोषांचे वर्णन करिताना तो मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दौडत कबक वेधीत असे, हे आवर्जून नमूद केले आहे.

या खेळाचा सर्वांत मोठा थाट इजिप्तमध्ये होता. तेथील मामलूक सुलतान मूळचे विकत घेतलेले तुर्की गुलाम. घोडा आणि धनुष्य याच बळावर ते राज्यकर्ते झाले. इ.स. १२६० मध्ये ऐन जालूत येथे त्यांनी मोंगोल सैन्याचा पराभव केला, आणि त्यानंतर सात वर्षांनी सुलतान बैबर्स याने कैरो नगराबाहेर खास कबकासाठी मैदान बांधविले. उत्सवप्रसंगी तेथे भोपळ्याऐवजी सोन्याचे किंवा रुप्याचे पात्र टांगीत आणि त्यात एक कबुतर ठेवीत. ज्याच्या बाणाने पात्र फुटून कबुतर उडे त्यास मानाचा पोशाख मिळे आणि ते पात्रही त्याचेच होई. याच काळात घोडेस्वारी, भालाफेक, तिरंदाजी यांवर अरबी भाषेत शास्त्रशुद्ध ग्रंथ लिहिले गेले. चौदाव्या शतकातील तैबुघा याच्या ग्रंथात धनुष्याची निवड, पकड, सोड आणि घोड्यावरील नेम यांचे इतके बारीक विवेचन आहे की इ.स. १९७० मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले, तेव्हा हौशी तिरंदाजांस तो नव्याने सापडलेला गुरूच वाटला.

परंतु गुरू ग्रंथात राहिला आणि मैदान ओस पडले. सुलतानांस रोजच्या मेहनतीपेक्षा महालातील सुख गोड वाटू लागले. चौदाव्या शतकातच कबकाचे मैदान टाकून देण्यात आले आणि त्या जागी अमीर-उमरावांच्या कबरी उठल्या. नवल असे की खेळ सोडला तरी त्याचा अभिमान मात्र मामलुकांनी सोडला नाही. तोफा-बंदुका हे त्यांच्या दृष्टीने भेकडांचे हत्यार. इ.स. १५१६-१७ मध्ये उस्मानी सुलतान सलीम याने तोफखान्याच्या जोरावर त्यांचे राज्य बुडविले. त्या प्रसंगाची हकिगत लिहिणाऱ्या इब्न झुनबुल याने एका बंदिवान अमिराच्या तोंडी या हत्याराचा जो धिक्कार घातला आहे तो वाचून मन हेलावते. तथापि एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही: ज्या विद्येच्या नावाने हा आक्रोश, ती त्यांनी स्वतः तरी कितीशी जपली होती?

आता या चित्राच्या शेजारी जपानचे चित्र ठेवून पाहावे. तेथेही सामुराई वर्गाची मूळ विद्या ‘घोडा आणि धनुष्य’ हीच होती; तलवारीची थोरवी पुढची. घोड्यावरील तिरंदाजीचे तीन प्रकार ते करीत: टांगलेल्या टोपीच्या जागी ठेवलेल्या लक्ष्यावर बाण मारणे, रिंगणात सोडलेल्या कुत्र्यांवर बोथट बाण मारणे, आणि देवापुढे करावयाचा ‘यबुसामे’. यबुसामेसाठी दोनशे मीटरांहून थोडी अधिक लांब अशी सरळ धाव असते. तिच्या डाव्या अंगास ठराविक अंतराने तीन लाकडी फळ्या उभ्या केलेल्या असतात. स्वाराने लगाम सोडून घोडा दौडवावयाचा आणि काही सेकंदांच्या अंतराने तिन्ही फळ्या फोडावयाच्या. जपानी धनुष्य पुरुषभर उंचीहून मोठे. पण ते मध्यावर न धरिता खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर धरितात, त्यामुळे घोड्याच्या पाठीवर ते अडत नाही.

इ.स. ११८५ मध्ये तैरा घराण्याचा समूळ नाश करून मिनामोतो योरितोमो हा जपानचा खरा सत्ताधीश झाला. त्याने कामाकुरा येथे हाचिमान या युद्धदेवतेच्या मंदिरात इ.स. ११८७ च्या आठव्या महिन्यात एक उत्सव केला. उत्सव होता बंदिस्त प्राणिमात्रांस सोडून देण्याचा, आणि त्याचा एक भाग म्हणून यबुसामे ठेविला होता. ‘आझुमा कागामी’ या त्या काळच्या राजवृत्तांतात या उत्सवासंबंधी दोन गोष्टी नोंदलेल्या आहेत. दोन्ही मननीय आहेत.

पहिली गोष्ट कुमागाई नाओझाने याची. हा नामांकित वीर. तरुण आत्सुमोरीस मारून पुढे पश्चात्तापाने भिक्षू झालेला तो हाच. त्यास उत्सवात लक्ष्य उभे करण्याचे काम नेमून दिले. तो संतापला. सर्व सरदार एकमेकांचे बरोबरीचे. मग बाण मारणारा घोड्यावर आणि लक्ष्य धरणारा पायी, हा भेद का, असा त्याचा सवाल. हे काम हलके नाही, उलट मानाचे आहे, असे योरितोमोने परोपरीने सांगितले. नाओझानेने ऐकिले नाही, आणि आपल्या जहागिरीचा काही भाग गमावणे पत्करिले. खेळात देखील घोड्यावरील आणि जमिनीवरील माणूस यांत केवढे अंतर मानीत, हे यावरून दिसते.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची. सुवा मोरिझुमी नावाचा एक सामुराई तैरांच्या बाजूचा. नव्या धन्याकडे हजर होण्यास त्याने विलंब लाविला, म्हणून योरितोमोच्या रोषास पात्र होऊन तो बंदीत पडला होता. त्याचा शिरच्छेद व्हावयाचा. परंतु आज्ञा काही केल्या बाहेर पडेना. कारण असे की प्राचीन काळच्या हिदेसातो या वीरापासून चालत आलेली यबुसामेची एक परंपरा या मोरिझुमीस अवगत होती. त्यास मारिले तर ती परंपरा त्याच्याबरोबर कायमची नाहीशी होईल, याची सर्वांस जाणीव होती. उत्सवाच्या दिवशी योरितोमोने त्यास अकस्मात बोलावून बाण मारण्याची आज्ञा केली. घोडाही दिला तो खोडीचा. लक्ष्यासमोर येताच उजवीकडे उसळणारा. मोतद्दाराने ही खोड मोरिझुमीच्या कानात हळूच सांगितली. त्याने घोडा सावरून तिन्ही फळ्या फोडिल्या. तेव्हा आज्ञा झाली की आता काड्यांवर बसविलेल्या तीन मातीच्या बशा फोड. त्याही त्याने फोडिल्या. मग आज्ञा झाली की ज्यांवर बशा होत्या त्या वीतभर काड्याच उडीव! आता आपले आयुष्य सरले असे मोरिझुमीस वाटले. त्याने मनातल्या मनात आपल्या कुलदैवताचे स्मरण केले, आणि तिन्ही काड्या तोडून टाकिल्या. योरितोमोचा राग ओसरला. त्याने तेथल्या तेथे त्यास क्षमा केली. प्राणिमात्रांस मुक्त करण्याच्या दिवशी एक मनुष्य मुक्त झाला, आणि त्याच्याबरोबर एक विद्याही.

या कथेत योरितोमोची क्रूरता आहे यात संशय नाही. पण विजयी शत्रूच्या मनातही ‘याच्याबरोबर ही विद्या जाईल’ हा विचार तलवारीआड आला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. असा विचार समाजात मुरला म्हणूनच यबुसामे पुढील आपत्तींतून वाचला. आपत्ती थोड्या नव्हत्या. इ.स. १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर बंदूक जपानात आली आणि घोड्यावरील धनुर्धराचे रणांगणावरील महत्त्व संपले. खेळही मागे पडला. अठराव्या शतकात शोगुन तोकुगावा योशिमुने याने जुने ग्रंथ आणि जुनी घराणी धुंडाळून त्याचा जीर्णोद्धार केला, आणि इ.स. १७२८ मध्ये एदो नगराजवळ ताकादानोबाबा येथे तो मोठ्या समारंभाने करविला. पुढे इ.स. १८६८ च्या राज्यक्रांतीनंतर सामुराई वर्गच उरला नाही. कुत्र्यांचा खेळ बंद पडला. परंतु यबुसामे ओगासावारा आणि ताकेदा या दोन संप्रदायांनी आणि देवळांनी धरून ठेविला. आजही सप्टेंबर महिन्यात कामाकुराच्या त्याच मंदिरात तो होतो.

येथे एक शंका निघेल. विद्या जपावयाची तर राज्यानेच ती सक्तीची का करू नये? याचे उत्तर चीनने दिले आहे. सम्राज्ञी वू हिने इ.स. ७०२ मध्ये लष्करी परीक्षा सुरू केली. तीत घोड्यावरून लक्ष्यवेध हा मुख्य विषय होता. पुढे मांचू राजांनी तर घोड्यावरील तिरंदाजी हे आपल्या वंशाचे भूषण मानिले. इ.स. १८३९ ते १८४२ च्या अफूच्या युद्धात इंग्रजांच्या तोफांनी चिनी किनारा झोडपून काढिला, तरी परीक्षेत धनुष्य कायमच होते. ती परीक्षा रद्द झाली इ.स. १९०१ मध्ये. विद्या जपली गेली खरी, पण युद्धविद्या म्हणून जपली गेली, आणि युद्धात तिचा उपयोग नव्हता. म्हणून परीक्षा गेली तशी तीही गेली. जपानी लोकांनी बंदूक लढाईसाठी घेतली आणि धनुष्य देवासाठी ठेविले. चीनने धनुष्यास अधिकारपदाच्या जिन्याची पायरी केले. जिना काढून टाकल्यावर पायरीकडे कोण पाहणार?

एकदा तुटलेला धागा पुन्हा जुळविता येतो काय? याचे उत्तर हंगेरीत सापडते. हंगेरियन लोकांचे पूर्वज नवव्या शतकाच्या अखेरीस घोड्यावर धनुष्य घेऊन मध्य युरोपात उतरले, इ.स. ९५५ मध्ये लेखफेल्डच्या लढाईत जर्मनांनी त्यांचा मोड करीपर्यंत त्यांच्या बाणांची दहशत सर्वत्र होती. पुढे ते शेती करू लागले, ख्रिस्ती झाले, आणि ही विद्या पार विसरले. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत काशाय लायोश नावाच्या धनुष्ये बनविणाऱ्या एका कारागिराने काशाई न म्हणविता कोणा गुरूचे शिष्य, एका खोऱ्यात घोडा दौडवून, पडून, झडून ती स्वतःच्या अंगावर पुन्हा शिकून घेतली. त्याने खेळाचे नियमही बसविले. सुमारे ९० मीटरांची धाव, मध्यावर लक्ष्य. स्वाराने येताना पुढे, समोर आल्यावर बाजूस, आणि निघून जाताना मागे वळून बाण मारावयाचा. नेमाचे गुण आणि वेळेचे गुण वेगळे. पार्थियन स्वाराचा तो मागे वळून मारलेला बाण असा दोन हजार वर्षांनी पुन्हा सुटू लागला, आणि आज अनेक देशांतील स्त्रीपुरुष हा खेळ खेळतात.

अमेरिकेत तर याच कल्पनेस बंदुकीचे रूप मिळाले आहे. तेथे गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात सुरू झालेल्या खेळात स्वार जुन्या धाटणीची दोन पिस्तुले घेऊन दौडतो आणि वाटेतील दहा फुगे फोडतो. प्रत्येक पिस्तुलात पाच बार. पण त्यांत गोळी नसते, जळत्या दारूच्या ठिणग्यांनीच फुगा फुटतो. ज्या हत्याराने घोड्यावरील धनुर्धरास रणातून घालविले, तेच आता गोळी टाकून त्याच्या खेळात सामील झाले आहे!

शेवटी आपल्याकडे वळावे. मराठ्यांच्या घोडदळाने धनुष्य फारसे का वापरिले नाही याचे एक कारण आपल्या मुलखातच असावे. सरसाने सांधलेले धनुष्य ओलसर हवेत सैल पडते, आणि सह्याद्रीचा पावसाळा चार महिन्यांचा. आपल्या स्वाराचे हत्यार भाला, आणि म्हणून त्याचा खेळही भाल्याचाच: बोथाटी. पात्याऐवजी बोथट गोळा बसविलेल्या भाल्याने स्वार एकमेकांशी झुंजत आणि त्यातून हात व मांड तयार होई. इ.स. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, पागा मोडल्या, आणि बोथाटी हळूहळू शब्दकोशात जाऊन बसली. त्याच मोडत्या काळात दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयास असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब शिष्यांस शिकविला. शिष्यांनी तो आखाड्यांत नेला, आखाड्यांतून तो शाळांत गेला, आणि आज आपल्या मुली दोरीवर तो लीलया करितात. राज्य दोघांचेही गेले होते. एका विद्येस शिकविणारा भेटला, दुसरीस भेटला नाही, फरक एवढाच.

घोडा सांभाळणे खर्चाचे, आणि पागा आता कोणाकडे नाहीत, हे मला ठाऊक आहे. बोथाटी पुन्हा सुरू करावी असा माझा आग्रहही नाही. पण प्रत्येक घरात, प्रत्येक गावात अशी एखादी विद्या असते, की जी आज एकाच म्हाताऱ्या माणसाच्या हातांत उरली आहे. मोरिझुमीचे शिर उडविण्यापूर्वी योरितोमोसारखा कठोर पुरुषही काही दिवस थांबला. आपल्यास कोणाचे शिर उडवावयाचे नाही. आपल्यास फक्त त्या म्हाताऱ्याजवळ जाऊन बसावयाचे आहे. तेवढी सवड तरी आपण काढू, अशी आशा आहे.